डोळा बसला

कारखान्यात आम्हाला 'बघे' म्हणतात. रस्त्यात कुणी पडलं की भोवती जमून नुसतं बघत राहणारे असतात ना, तेच नाव. फरक एवढाच की आम्हाला बघायचा पगार मिळतो. औषधाच्या तपकिरी बाटल्या बनतात इथे. भट्टीतून निघून, गार होऊन त्या पट्ट्यावरून आमच्या अंधाऱ्या खोलीत येतात आणि पांढऱ्याशुभ्र उजेडाच्या पडद्यासमोरून सरकत जातात. पडद्यासमोर बसलेल्या माणसानं प्रत्येक बाटली बघायची. चीर, बुडबुडा, वाकडी मान, तोंडाचा उडालेला टवका, काहीही दिसलं की बाटली उचलून डाव्या हाताच्या पेटीत टाकायची. मिनिटाला साठ बाटल्या. बघा करून एकदा.

मी या खोलीची मुकादम. सव्वीस वर्षं झाली. तोंडावर सगळे मला ताई म्हणतात आणि पाठीमागे तोफ म्हणतात. मला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं. अहो, अंधारात बसणाऱ्या माणसाचे कान किती तिखट असतात!

तर डोळा बसणं म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घसा बसतो ना, तोंड उघडतं पण आवाज निघत नाही, तसाच डोळाही बसतो. उघडा असतो, बाटल्या समोरून जात असतात, आणि दिसत मात्र काही नाही. म्हणून आमच्याकडे वीस मिनिटं पडद्यासमोर आणि वीस मिनिटं मागच्या टेबलावर पेट्या भरायला, अशी पाळी असते. पण वीस मिनिटांच्या आधीच डोळा बसला, तर नुसतं 'बसला' म्हणायचं. मागचा माणूस हातातलं काम टाकून खुर्चीत येतो. का, कसा, आत्ताच कसा, असं काही विचारायचं नाही. मी लागले तेव्हाच्या मुकादमांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "एकदा जरी विचारलंस, तरी माणूस पुढच्या वेळी सांगणार नाही. आणि मग फुटकी बाटली कुणाच्या तरी घरात जाईल."

सव्वीस वर्षं मी हा नियम पाळला आणि एका मंगळवारी मोडला. त्यापायी एका माणसाची नोकरी जायची वेळ आली. तेच सांगायला बसले आहे. स्वतःला सांभाळून घेत सांगणार नाही, तेवढं खरं.

त्या माणसाला आमच्याकडे घार म्हणतात. चाळिशीतला, सडपातळ, कारखान्यात नऊ वर्षं झालेला. 'घार आला', 'घार कुठे गेला', असंच बोलतो आम्ही, व्याकरण गेलं खड्ड्यात. नजर अशी की शेजारच्याशी गप्पा मारता मारता केसाएवढी चीर उचलायचा. वर त्या बाटलीला निरोप द्यायचा, "जा बाई, तुझं नाही जमायचं." सगळी खोली हसायची. कंटाळवाण्या कामात असा एक माणूस असला की दिवस जातो.

गेल्या हिवाळ्यापासून त्याचं बोलणं कमी झालं. मग बंदच झालं. मला वाटलं, घरी काहीतरी असेल, होईल ठीक. मग तो 'बसला' म्हणायला लागला. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा, मग जवळजवळ दर पाळीला. आमच्यात एकजण आहे, त्याला रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. तो म्हणायचा, "घारीला मोतीबिंदू झाला रे." पोरी खिदळायच्या. आणि मी? मी मुकादम, मी त्यांना गप्प करायचं. मी काय केलं, तर मीही एकदा म्हटलं, "काय रे, तुझा डोळा बसलाय की तूच बसलायस?" मोठा हशा झाला. तोही हसला बिचारा. त्या दिवसापासून त्याचं 'बसला' म्हणणं थांबलं, आणि मी मूर्ख, मला वाटलं गडी सुधारला.

मग तो मंगळवार. दोघीजणी रजेवर, दारात लॉरी उभी, वरून साहेबांचा तिसरा फोन. दोन चाळीसला घार पडद्यासमोर बसला. चारच मिनिटं झाली असतील, मागे न बघता तो म्हणाला, "ताई, बसला."

मी म्हटलं, "आत्ता तर खुर्चीत टेकलास! चार मिनिटांत कुणाचा डोळा बसतो? नाटकं नकोत आज. गुमान काढ वीस मिनिटं."

त्यानं काढली. एक शब्द बोलला नाही.

पुढच्या सोमवारी अख्खी लॉरी परत आली. दोन पेट्यांमध्ये तोंडाचे टवके उडालेल्या बाटल्या निघाल्या होत्या, एक-दोन नव्हे, एकतीस. औषध भरणाऱ्या कंपनीतल्या एका मुलीचा तळहात चिरला, तीन टाके पडले. आमच्या प्रत्येक पेटीत चिठ्ठी असते, कोणी बघितली आणि किती वाजता. दोन्ही चिठ्ठ्या घारीच्या. दोन चाळीस ते तीन.

बुधवारी त्याला डोळे तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की नजर उत्तम, चष्माही नको. साहेबांनी तो कागद टेबलावर आपटला. "डोळे उत्तम! म्हणजे हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे. पुढच्या शुक्रवारी चौकशी, आणि मग याला घरी बसवायचा." मी तिथेच उभी होते. दोन चव्वेचाळीसला काय झालं ते मला माहीत होतं. आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या, या तोफेच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत माझी. घाबरले, दुसरं काय.

घार फक्त म्हणाला, "माझं चुकलं, साहेब." आणि डबा उचलून गेला. चौकशी होईपर्यंत त्याला कामावर यायला मनाई होती.

त्या दिवशी घरी आले आणि चहा तसाच गार होऊ दिला. आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, काय झालं. मी त्यांच्यावरच खेकसले. मग दुसऱ्या दिवशी सुटल्यावर सरळ घारीचं घर गाठलं. तिसरा मजला, दोन खोल्या. त्याची बायको एका बेकरीत काउंटरवर असते. मी तिला वहिनीच म्हणते. तिनं दार उघडलं, मला बघितलं, आणि आतल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. आत मुलगी अभ्यासाला बसली होती.

"झोपलेत का?" मी विचारलं.

"झोपतात कुठे? खाली बसलेत. जिन्यात. तुम्हाला दिसले नाहीत?"

मी त्याच्या बाजूनंच चढून आले होते. पहिल्या मजल्यावरच्या वळणात कुणीतरी भिंतीला टेकून बसलं होतं, बूट घालून. मी ओळखलंसुद्धा नाही. मी म्हणे बघ्यांची मुकादम!

वहिनी सांगायला लागली ती थांबेना. रोज कामावरून येतात, जिन्यात बसतात; आज काम नव्हतं, तरी बूट घालून तिथेच जाऊन बसले. कधी अर्धा तास, कधी तास. वर यायचं त्राणच नाही म्हणतात. पहाटे तीनला उठून बसतात. जेवण पुढे ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर मागत नाहीत. मुलगी गणितं घेऊन यायची, आता तीही येत नाही, कारण बाबा वहीकडे बघतात आणि बघतच राहतात.

"पण झालं काय एवढं?"

"तेच तर, ताई. काही झालंच नाही. कुणी गेलं नाही, कुणाशी वाकडं नाही. काही झालं असतं तर बरं, निदान त्याला धरून रडता आलं असतं. सासूबाई म्हणतात सुख टोचतंय. माझा भाऊ म्हणतो, चार दिवस कुठेतरी फिरवून आण. मी काय करू सांगा."

मी खाली गेले. जिन्यात त्याच्या खालच्या पायरीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. मी माफी मागायची तयारी करून आले होते, आणि तोंड उघडलं तर निघालं भलतंच, "अरे, एकतीस बाटल्या! एकही दिसली नाही तुला?"

"दिसल्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सगळ्या दिसत होत्या, ताई," तो म्हणाला. अगदी सपाट आवाज, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय. "टवका आला, दिसला. दुसरा आला, दिसला. नुसता हात उचलायचा होता. हात माझाच होता, पण उचलावा असं आतून येईना. वाटलं, जाऊ दे. सगळंच जाऊ दे. माझा डोळा बसलाच नव्हता कधी. मी 'बसला' म्हणायचो, कारण दुसरा शब्द नव्हता माझ्याकडे."

खरं सांगते, आधी मला संताप आला. दिसत होत्या आणि सोडल्यास? त्या पोरीचा हात चिरला रे! ओठावर आलं होतं. मग त्याच्याकडे बघितलं. शर्टाची गुंडी भलत्याच काजात, दाढी वाढलेली, आणि नजर माझ्यावर असून माझ्यावर नाही. आणि आठवलं, 'तुझा डोळा बसलाय की तूच बसलायस'. मी सगळ्यांसमोर चेष्टेत म्हणाले, तेच खरं होतं. हिवाळ्यापासून आम्ही सात बघे एका खोलीत बसत होतो, आणि हा माणूस कुणाला दिसला नव्हता.

"हे चौकशीत सांगितलंस तर काय होईल ठाऊक आहे?" मी विचारलं.

"मुद्दाम केलं म्हणतील. म्हणूनच गप्प बसणार आहे. काढतील, काढू देत. माझी लायकीच नाही राहिली, ताई."

"ते 'काढू देत' बोलणारा तू नाहीस," मी म्हटलं. "तुझ्या आत जे काही बसलंय ते बोलतंय. त्याचं मी ऐकणार नाही. उद्या माझी सुट्टी आहे. सकाळी आठला तयार राहा."

आता 'उद्या माझी सुट्टी आहे' ही थाप होती. सव्वीस वर्षांत मी फार थोड्या सुट्ट्या घेतल्यात, एक घेतली तर आकाश कोसळत नाही.

घरी येऊन पहिलं काय केलं, तर फोन लावला. आमच्या कँटीनमध्ये पाण्याच्या टाकीच्या वर एक फलक आहे. 'मन मोकळं करा, आम्ही ऐकतोय', खाली हसणारा चेहरा आणि नंबर. त्या चेहऱ्याला कुणीतरी मिशा काढल्यात. मागच्या वर्षी तो लागला तेव्हा एक पाहुणे आले होते, त्यांनी आम्हाला ताण घालवायला फुगे फुगवायला लावले. भट्टीवाले तर हसून हसून लोळले. तर त्या नंबरावर बाई बोलल्या, "नाव? विभाग? हजेरी क्रमांक?" मी विचारलं, "कुठे लागलाय हा फोन?" तर म्हणे, साहेबांच्या ऑफिसात. मी म्हटलं, धन्य आहे. आणि ठेवला.

सकाळी आठला वहिनी दारातच उभी. डोळे सुजलेले. "ताई, तुमच्या पाया पडते, पण त्या डॉक्टरकडे नको. एकदा तिथे गेलं की शिक्का बसतो. मुलीचं पुढे काय?"

"शिक्का बसायचा तो बसतोच आहे," मी म्हटलं. "पुढच्या शुक्रवारी कागदावर येईल, निष्काळजी, बेजबाबदार. तो शिक्का बरा का? चपला घाला. तुम्हीही चला."

सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये आठ माणसं होती, आणि तिसऱ्याचं बटण कुणीच दाबेना. सगळ्यांनी दोन दाबलेलं, नाहीतर चार. म्हणजे दोनवर उतरायचं आणि जिन्यानं गुपचूप एक मजला चढायचं, नाहीतर चारवरून उतरायचं. माझं टाळकंच सरकलं. मी पुढे होऊन तीन दाबलं, असं दाबलं की बटण आत राहतंय की काय असं वाटलं. आणि मोठ्यानं म्हटलं, "तिसरा मजला, कुणाला उतरायचं असेल तर उतरा." तीन आला तेव्हा आमच्यामागून आणखी चारजण उतरले. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघून हसलेसुद्धा.

डॉक्टर म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. मनात म्हटलं, ही काय सांगणार? पण तिनं तास लावला. वहिनीला आणि मला त्यानंच आत थांबायला सांगितलं. एकेक प्रश्न ती सरळ विचारत गेली, आडवळणानं काही नाही. तसंच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" वहिनीनं माझा हात इतक्या जोरात धरला की बांगडी रुतली.

त्यानं आधी वहिनीकडे बघितलं. मग म्हणाला, "मरावंसं वाटत नाही. पण झोपताना वाटतं, उद्याची सकाळ नाही झाली तरी चालेल."

ती मुलगी दचकली नाही. "हे बोललात ते फार बरं केलंत," म्हणाली. "हे वाढलं, तर कुठलीही वेळ असो, इथे यायचं. वहिनी, काही दिवस यांना एकटं ठेवू नका." मग आजाराचं नाव सांगितलं, नैराश्य. म्हणाली, हा आजारच आहे, काही न घडताही होतो, आणि याला औषध आहे. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर धीर सोडायचा नाही, आणि दर आठवड्याला येऊन बोलायचं.

दाखला लिहायला घेतला तेव्हा घार पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला. "डॉक्टर, डोळ्यांचं काहीतरी लिहून द्या ना. तेवढं सगळ्यांना समजेल."

"डोळे तुमचे माझ्यापेक्षा चांगले आहेत," ती म्हणाली. "जे आहे तेच लिहिणार. आणि समजत नसेल त्यांना समजावून सांगायचं." बाई, मला ती पोर फार आवडली!

आठवडा गेला. शुक्रवारी सकाळी मी वेणी घालत होते, तर आमचे हे म्हणाले, "दाखला आहे ना आता त्याच्याकडे? मग तू कशाला मध्ये पडतेस? चार वर्षं राहिलीत. जरा तोंड आवर."

"मागच्या बुधवारी आवरलं होतं," मी म्हटलं. "त्याचंच निस्तरतेय." डबा मात्र त्यांनी भरून दिला.

चौकशीला टेबलापलीकडे साहेब आणि लिहून घ्यायला आस्थापनेच्या मॅडम. अलीकडे घार, स्वच्छ दाढी करून आणि इस्त्रीचा शर्ट घालून. वहिनीनंच काढून दिलेला असणार. त्यानं सगळं सांगितलं. बाटल्या दिसत होत्या हेही सांगितलं. मी सांग म्हटलं नव्हतं, लपव असंही म्हटलं नव्हतं. साहेबांनी दाखला वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली.

"हा घटनेनंतरचा दाखला आहे. उद्या कुणीही आणेल," ते म्हणाले. "आजारी होता, तर तेव्हाच सांगायचं होतं. आपल्याकडे व्यवस्था आहे. कँटीनमध्ये फलक आहे."

"फलकावरचा फोन तुमच्या ऑफिसात वाजतो, साहेब," मी म्हटलं. "मी लावून बघितलाय. मन मोकळं करायच्या आधी हजेरी क्रमांक विचारतात."

मॅडमनी खाली मान घातली. हसू लपवत होत्या की काय, देव जाणे.

"ताई, मुद्द्याचं बोला. या माणसानं त्या दिवशी कुणालाही काही सांगितलेलं नाही. हा मुद्दा आहे."

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

"मला. दोन चव्वेचाळीसला. 'बसला' म्हणाला. आमच्याकडे तो शब्द आला की माणूस बदलायचा, विचारायचं नाही. मी बदलला नाही. लॉरी उभी होती, म्हणून मी त्याला नाटकी म्हटलं आणि बसवून ठेवलं. त्यानं नियम पाळला, मी मोडला. लिहा, मॅडम."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि मग घार म्हणाला, "नाही, साहेब. मी काही म्हणालो नव्हतो. ताई मला वाचवायला खोटं बोलतायत."

घ्या! मी बघतच राहिले. नोकरी त्याची जात होती, दोन गोळ्यांवर उभा होता माणूस, आणि सांभाळत होता मला. साहेबांना तर बुडत्याला फळी मिळावी तसं झालं. मुकादमाची चूक कागदावर येण्यापेक्षा घारीचा खोटेपणा केव्हाही सोयीचा. "बघा, तो स्वतःच म्हणतोय," ते म्हणाले.

मी उठून उभी राहिले. माझा आवाज चढला, चढू दिला. "ए, इकडे बघ माझ्याकडे. नऊ वर्षं माझ्या हाताखाली काम केलंस. मला वाचवायची गरज नाही. त्या दिवशी तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. आज परत तुझ्या तोंडून 'काही नाही' असं आलं, तर उद्या माझ्या खोलीत कुणीही, कधीही सांगणार नाही. त्या पोरींपैकी एखादी तुझ्यासारखी जिन्यात बसून राहील, आणि आम्ही तिच्या बाजूनं चढून जाऊ. तुझ्यासाठी बोलू नकोस. तिच्यासाठी बोल."

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि हळू म्हणाल्या, "सावकाश सांगा. आम्हाला घाई नाही." साहेबांना होती, पण तेही थांबले.

"म्हणालो होतो," घार म्हणाला. "बसला, म्हणालो होतो."

मॅडमनी लिहून घेतलं.

अर्ध्या तासानं आम्हाला परत आत बोलावलं. नोकरी राहिली. सहा आठवडे आजारपणाची रजा, आणि कारणाच्या रकान्यात मॅडमनी सरळ 'नैराश्य' लिहिलं. परतल्यावर आधी मागचं टेबल, मग डॉक्टर म्हणतील तेव्हा पडदा. माझी मुकादमी काढली. सोमवारपासून मी साधी बघी, माझ्या जागी रेडिओ. रेडिओ! आता खोलीत बातम्याच बातम्या. वाईट वाटलं का? वाटलं की. सव्वीस वर्षांचं ते. पण छाती मोकळी झाली, हेही खरं.

आम्ही दोघं गेटकडे चालत निघालो. पाळी बदलायची वेळ होती, माणसं जात-येत होती, काहीजण आमच्याकडे वळून बघत होते. वहिनी बेकरीतून सुटून घ्यायला येणार होती, तिला अवकाश होता.

"ताई, एक सांगू?" तो म्हणाला. "रागावू नका."

"आता मी तुझी मुकादम नाही. रागावून करू काय?"

"त्या दिवशी मी एकदा नाही, दोनदा म्हणालो होतो. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तुम्ही माझ्या खुर्चीच्या मागेच उभ्या होतात. लॉरीचा कागद हातात होता तुमच्या."

माझे पाय जागीच थांबले. मला आठवेना. कागद आठवला, लॉरीवाला आठवला, घारीचा आवाज काही केल्या आठवेना. आठवडाभर मी स्वतःला एका वेळेसाठी शिव्या घालत होते.

"मग तिसऱ्यांदा का नाही म्हणालास रे?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"म्हणणार होतो," तो म्हणाला. "पण मान वळवली तेव्हा पडद्याच्या उजेडात तुमचा चेहरा दिसला. तुम्ही इतक्या दमलेल्या दिसत होतात, ताई. म्हटलं, आणखी आपला त्रास कशाला?"

गेटाच्या आत एक बाक आहे, पहारेकरी उन्हाला तिथे बसतात. मी त्यावर बसले आणि रडले. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बघितलं तर बघितलं. पदरानं तोंड पुसलं, आणि बाकावर हात आपटून त्याला म्हटलं, "बस इथे. वहिनी येईपर्यंत वेळ आहे. हिवाळ्यापासूनचं सगळं सांग. मी दमलेय की नाही ते बघू नकोस."

तो माझ्या शेजारी टेकला. बुटांच्या नाड्या सैल केल्या, आणि बोलायला लागला.